डुलक्या घरी पोचला का?

मित्रांनो, माझ्या पोटात एक गोष्ट अर्धी अडकली आहे आणि ती मला धड गंजूही देत नाही. मी चौदा इंची कृष्णधवल टीव्ही. हदगावजवळच्या एका खेड्यात, व्यंकटरावांच्या घराच्या मागच्या खोलीत, फवारणीच्या पंपाशेजारी माझा मुक्काम आहे. अंगावर रिकामं पोतं आहे. म्हातारपणी शांत व्हावं म्हणतात. मला ते जमलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही, तिथे आम्ही सगळे सारखेच होतो. व्यंकटरावांनी मला नांदेडच्या दुकानातून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून घरी आणलं. दारात सुमनबाईंनी माझी पूजा केली आणि हळदकुंकू थेट काचेवर लावलं. ते पुसायची कोणाची हिंमत होईना. पहिल्या संध्याकाळी बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालावर कुंकू होतं आणि सगळं घर ते कौतुकाने बघत होतं.

पण माझा खरा मान रविवारी सकाळी असे. त्या वेळी ‘डुलक्या’ लागायचा. डुलक्या म्हणजे अस्वलाचं पिल्लू. ऐन वेळी डुलकी लागायची त्याला खोड. अशाच एका डुलकीत आईचा हात सुटला आणि ते जत्रेत हरवलं. दर रविवारी नवं रान, नवी फजिती, आणि शेवटी डुलक्या विचारायचा, “माझं घर कुठंय?” वैजनाथ आणि त्याची धाकटी बहीण वर्षाराणी इतक्या जवळ बसायची की त्यांच्या श्वासाने माझी काच धुरकट व्हायची.

मग एका वर्षी, पोरांची नाकं पदराने पुसणाऱ्या सुमनबाई आजारी पडल्या आणि गेल्या. घर गप्प झालं. वर्षाराणी रडली नाही, पण डुलक्याचा एकही भाग चुकवेना. त्याला आई सापडते का, एवढंच तिला बघायचं होतं. मला तिची फार काळजी वाटायची.

शेवटच्या भागाच्या सकाळी लोडशेडिंग होतं. आमच्याकडे त्यावर उपाय ठरलेला होता. ट्रॅक्टरची बॅटरी काढायची आणि तिच्यावर मला चालवायचं. एरवी हे काम व्यंकटराव करत, पण ते शेतात गेले होते. वैजनाथने बॅटरी ओढत आणली आणि घाईत लाल वायर काळीच्या जागी लावली. माझ्या पोटातून जळका वास आला आणि काच काळीच राहिली. मागच्या रविवारी डुलक्या घराकडचा डोंगर अर्धाच चढला होता.

वैजनाथने मला पोत्यात घातलं आणि दुधाच्या जीपमधून हदगावला नेलं. दुरुस्तीवाला लग्नाला गेला होता. दुसऱ्याच्या घरी जाऊन बघावं तर गावभर लाईट नव्हती. तो बसस्टँडवर मला मांडीवर घेऊन रडला. तिथून आम्ही तसेच परत आलो. दारात वर्षाराणी उभी होती. तो म्हणाला, “बघून आलो म्या. भेटली त्याला आई.” मग त्याने तिला आत नेऊन सगळं सांगितलं. मी पोत्यात होतो, मला नीट ऐकूही आलं नाही. पण त्या दिवशी ती जेवली आणि भावाच्या मांडीवर झोपली.

माझी दुरुस्ती राहून गेली. पुढे रंगीत टीव्ही आला, नंतर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. मी मात्र त्या डोंगराच्या मध्यावरच उभा राहिलो.

आणि या उन्हाळ्यात बातमी आली की डुलक्या पुन्हा येतोय. मालिका लहान पोरांसाठी, पण उड्या मारतायत मोठी माणसं! बँकेतले साहेब फोनवर डुलक्याचा फोटो लावून बसले. वर्षाराणी आता नांदेडला नर्स आहे. तिथल्या सगळ्या नर्सा चहाच्या सुट्टीत त्याच्याबद्दलच बोलतात म्हणे. सगळ्यांची भांडणं त्याच्या गळ्यातल्या मफलरवरून. नव्यात तो हिरवा आहे. वर्षाराणीच्या मनात तो लाल होता, वैजनाथच्या मनात निळा. मी दाखवला तो करडा, रंग त्यांनीच भरले होते. मला राग यायला हवा होता, पण मला फक्त शेवट हवा होता.

वैजनाथने पहिला भाग एकट्याने, माझ्याच खोलीत पंपावर बसून पाहिला. जुना शेवट सुरुवातीलाच दाखवला. डुलक्या डोंगर चढून आपल्या घरी, गुहेत पोचला होता आणि गुहा रिकामी होती. वैजनाथने मोबाईल पालथा ठेवला. त्यानंतर तो रोज यायचा, माझ्यावरचं पोतं उचलायचा, परत टाकायचा. एकदा म्हणाला, “पंचमीला वर्षा येणार हाय. बघितलंच असंल तिनं. काय तोंड दाखवू?” मीही त्याच्याइतकाच तळमळत होतो.

पंचमीला वर्षाराणी माहेरी आली, सोबत लेक तनुजा. दुपारी झोक्यासाठी दोर शोधत वैजनाथसकट तिघं माझ्या खोलीत आली. तनुजाने सरळ विचारलं, “मामा, आई सांगती डुलक्याला आई भेटली. मोबाईलमध्ये तर न्हाई भेटली. खोटं कोण बोलून राहिलं?”

वैजनाथने हातातला दोर खाली ठेवला. तो म्हणाला, “म्या बोललो. म्या कायबी बघितलं नव्हतं, वर्षा. बॅटरी म्याच उलटी लावली व्हती.”

“मला म्हाईत हाय, भाऊ,” वर्षाराणी म्हणाली. “त्याच दिवशी कळलं व्हतं.”

“कसं काय?”

“तू सांगितलंस, आईनं त्याला आधी जवळ घेतलं न्हाई. आधी पदरानं त्याचं नाक पुसलं, मग रागं भरली, मग जवळ घेतलं.” मग म्हणाली, “अस्वलाला पदर कुठला, भाऊ?”

“मग बोलली का न्हाईस?”

“मला तीच आई पायजे व्हती.”

मित्रांनो, माझी काच फुटली असती तरी चाललं असतं. मला वाटत होतं, गोष्ट माझ्यामुळे अर्धी राहिली. ती तर पोत्यापलीकडे कधीच पूर्ण झाली होती, आणि ती मोबाईलवाल्यांनाही ठाऊक नव्हती. मला दुरुस्त करा, झाडा-पुसा, असं मी म्हणणार नाही. माझ्या जागी उद्या दुसरा पंप ठेवा. पण तुमची गोष्ट अर्ध्यावर तुटली तेव्हा ज्याने ती पुढे नेली, त्याच्याकडे या पंचमीला जाऊन या. लाजेपोटी तो स्वतःहून बोलवायचा नाही.

तनुजा एवढ्यावर थोडीच सोडते. मामाच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, “मला न्हाई सांगितलं कुणी. डोंगरापासून सांग.”

वैजनाथने आधी उठून माझ्यावरचं पोतं काढलं, आणि मग सांगायला लागला.