खोडलेले बारा तास

अरे ऐका ना, मानसिक उपचार करणाऱ्या समाजसेविकेचा परवाना हवा तर तीन हजार तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करावं लागतं. माझे भरले, पण सही हवी माझ्यावर देखरेख करणाऱ्या इंग्रिडबाईंची, आणि त्या निवृत्त होऊन मिनेसोटात गेलेल्या. मग काय, शिकागोहून नऊ तास गाडी हाणली. बाई गोठलेल्या तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरत बसल्या होत्या. तिथंच माझ्या तासांचा कागद वाचून त्यांनी बारा तास खोडले.

"त्या आठवड्यात मी आजारी होते, टेसा. तुझं काम मी पाहिलंच नाही."

"पण कुणाला कळणार आहे, बाई?"

"मला कळलं ना. धर हा गळ, सही करायला हात मोकळा हवा."

बाकीच्या तासांवर सही घेऊन आलेय. ते बारा सोमवारपासून पुन्हा भरायचे, नव्या बाईंच्या हाताखाली.