बारावा गळ

पौषातला गारठा होता, म्हणून गळ अंगणात न वाळवता मी स्वयंपाकघरात, चुलीच्या उबेला दोरीवर टांगले. चूक म्हणाल तर तिथंच झाली.

हे गळ हौशी माणसांचे. पुण्याकडचे लोक सुट्टीत धरणावर जातात, मासा पकडतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. माझी सून यामिनी या गळाला 'जिग' म्हणते. वर हरभऱ्याएवढं शिशाचं डोकं, खाली उलट्या काट्याचा पोलादी आकडा, आणि त्यावर दोऱ्यानं करकचून बांधलेलं बदकाचं रंगीत पीस. तिनं हे काम घरी आणलं तेव्हा मी दोन अटी घातल्या. मासा सोडून देणाऱ्यांनाच विकायचं, आणि पीस आपोआप झडलेलंच हवं. गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्याकडे एक बदकवाला आहे, त्याच्याकडून पोतं येतं. बदकाच्या पिसाला अंगचं तेल असतं, ते रंग धरत नाही. रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवायचं आणि मग व्हिनेगर घातलेल्या गरम रंगात बुडवायचं. पिवळा रंग मला चांगला जमतो.

त्या दिवशी पिवळेच बारा डझन सोनईहून पुण्याला जायचे होते. यामिनी एकेका पुठ्ठ्यावर बारा बारा टोचत होती.

"आई, शेवटच्यावर अकराच झाले."

"खाली पडला असेल, बघ."

चटई झटकली, केरसुणी फिरवली, डबे हलवले. मग मी वर दोरीकडे पाहिलं. एक गाठ सुटून नुसता दोरा लोंबत होता. आणि त्याच्या बरोबर खाली मांडणीवर गोग्रासाची ताटली.

अकरा वर्षं माझा नेम आहे. पहिली भाकरी गाईची. तिच्यावर गूळ ठेवायचा, गुंडाळी करून ताटलीत उभी ठेवायची, आणि पूजा आटोपली की शेजारी चांगुणाच्या गोठ्यात जाऊन तांबूला द्यायची. घास देताना मी डोळे मिटून नाम घेते. तिची खरखरीत जीभ तळहाताला लागली की डोळे उघडते. तोवर भाकरी गेलेली असते.

ताटली अजून घासायची होती. मी ती खिडकीशी नेली. गुळाच्या चिकट डागात पिवळे दोन तंतू अडकले होते. वास घेतला. नेलपॉलिशचा. शिशाचं डोकं चमकावं म्हणून आम्ही वरून ते लावतो, आणि त्या दिवशी मी पहाटेच लावलं होतं. गुंडाळीचं तोंड वरच्या बाजूला उघडं होतं.

"यामिनी, तो तांबूच्या पोटात गेला."

"दोन तंतूंवरून कसं म्हणता? पिसं घरभर उडतात. माझ्या चहात निघतात."

"चहातल्यांना नेलपॉलिशचा वास येतो का?"

तिनं ताटली हातात घेतली, हुंगली आणि हळूच खाली ठेवली. "गाय गाभण आहे, आई. चांगुणाताई गल्ली डोक्यावर घेतील. दोन दिवस बघू ना. गाई खिळे गिळतात, तारा गिळतात. कितीतरी जणींना काही होत नाही."

"आणि ज्यांना होतं?"

खोटं कशाला लिहू, ते दोन दिवस मलाही हवे होते. मी देवापुढं बसले, माळ हातात घेतली. पहिल्याच मण्याला कळलं की मी जपाला नाही, लपायला आले आहे. उठले आणि जनावरांच्या डॉक्टरांना, सुनीलला, फोन लावला.

"किती वेळ झाला, काकू?"

"दोन तास."

"मालकिणीला सांगितलं?"

"नाही अजून."

"आधी तिला सांगा. गाईचे पुढचे पाय उंचवट्यावर घ्या, बसू देऊ नका. आठवा महिना म्हणजे वासरू मागून रेटतंय. आकडा पुढं सरकला तर पोटाच्या पडद्यापलीकडं लगेच हृदय आहे. मी पोटात सोडायचा चुंबक घेऊन निघतो. तासभर लागेल."

चांगुणा शेण भरत होती. मला बघून हसली. "काय वो काकू, परत? आज देवानं डबल ड्युटी लावली व्हय?"

तांबूनं मान लांब करून माझे हात हुंगले. रिकामे होते.

"चांगुणा, सकाळच्या घासात गळ होता."

"काय हुता? जरा मोठ्यानं बोला की. तुमचं बोलनं मुंगीला तरी ऐकू येतं का?"

"गळ! आमच्या पिसांचा. तांबूनं गिळला."

तिच्या हातातली पाटी खाली आली. तिनं गाईकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"भाकरीत दिसला न्हाई तुमास्नी?"

"डोळे मिटले होते मी."

"डोळं मिटून?" ती जवळ आली. "आवो, पेंढी टाकताना मी एकेक काडी चाळती. अन् तुमी पुन्य घ्यायला येता, ते डोळं झाकून?"

मी डॉक्टरांचा निरोप तेवढा सांगितला. तिनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही. भिंतीकडचा मुरूम दाखवला, "वढा," म्हणाली. घमेली मी आणि मागोमाग आलेली यामिनी वाहत होतो, चांगुणा फावड्यानं दाबत होती. पूजेचं लुगडं मुरमानं लाल झालं. तांबूचे पुढचे पाय त्या ढिगावर चढवायला तिघी लागलो. दोनदा चढली, दोनदा उतरली. तिसऱ्यांदा उभी राहिली.

अर्धा तास गेला. मग तिचे गुडघे वाकायला लागले.

"बसती! काकू, बसती ती!"

चांगुणा कासऱ्याला लोंबकळली. मी मानेखाली खांदा लावला. केवढं ते ओझं! माझ्या कानाशी तिच्या छातीतून एक आवाज आला, खोल, दाबलेला.

"कन्हली का? कन्हली ना?"

"मला नाही कळलं."

"तुमास्नी काय कळतं वो?" चांगुणा रडत होती. "हिचं काय झालं तर हिला तुमच्या दारात आनून टाकीन. मग फिरा परदक्षिना."

"टाक," मी म्हणाले. "आत्ता तेवढा कासरा सोडू नको."

यामिनीनं मागून शेपटी पिरगाळली तेव्हा तांबू सरळ झाली. मोटारसायकल ऐकू आली तेव्हा माझा खांदा बधिर झाला होता.

सुनीलनं तोंड उघडून बॅटरी मारली. जिभेत नाही, गालात नाही. "म्हणजे खाली गेलाय." मग बोटाएवढा चुंबक लांब नळीत घालून घशामागं सोडला. तांबू खोकली, मान झाडली, आणि तिनं तो गिळला. त्यानं मोबाईलमधलं होकायंत्र उघडलं, मोबाईल गाईच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागं धरला आणि वाट पाहत राहिला. बऱ्याच वेळानं काटा गर्रकन फिरला.

"पोचला. चुंबक बरोबर जागेवर बसलाय."

"अन् गळ?" चांगुणानं विचारलं. "धरला का त्यानं?"

"ते आत डोकावून बघता येत नाही, ताई. धरला असेल तर गळ तिथंच पडून राहील, काही करणार नाही. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा. एकशे तीनच्या वर गेला किंवा रवंथ थांबला, तर लगेच फोन." त्यानं इंजेक्शन दिलं, थर्मामीटर चांगुणाच्या हातावर ठेवला आणि गेला.

"मी लावते ताप, ताई," यामिनी पुढं झाली.

"तू न्हाई." चांगुणानं थर्मामीटर माझ्यापुढं धरला. "काकू लावतील. नेमाच्या लई पक्क्या हायेत."

संध्याकाळी दिवा लावला आणि तशीच गोठ्यात गेले. दुपारपासून रवंथ नव्हता. चांगुणा तांबूच्या तोंडासमोर पाटावर बसली होती, जबड्यावरची नजर काढत नव्हती. कसं लावायचं ते तिलाच विचारून मी शेपटी उचलली, थर्मामीटर आत सारला आणि धरून उभी राहिले. शेण मनगटावर आलं. हलले नाही.

तेवढ्यात तांबूच्या गळ्यात एक गोळा खालून वर सरकला. जबडा डावीकडं गेला, उजवीकडं आला. परत गेला.

चांगुणानं तोंडाला पदर लावला.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे एक पॉइंट सहा."

ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या हातातला थर्मामीटर घेतला, उजेडाला धरून आकडे पाहिले, पदरानं पुसला आणि परत माझ्या हातात दिला.

"अजून एकदा लावा."

मी लावला.