हरिहरच्या पोटातले बिऱ्हाड

मी एक जुना जिवाणू आहे, मित्रांनो. चिंचवडच्या हरिहरच्या मोठ्या आतड्यात माझे बिऱ्हाड. तो जन्मला तेव्हा आम्ही त्याच्या आईकडून त्याच्याकडे आलो. आमच्यातला एक मरतो, दुसरा त्याच्या जागी येतो, आणि मी उरतोच. इथे उजेड कधी येत नाही. बाहेरची बोलणी मात्र भिंतीतून ऐकू येतात.

भाकरी, मटकी, पालेभाजी यांतला जो चोथा हरिहरला पचत नाही, तो आम्ही खातो. त्यातून आम्ही जे आम्ल बनवतो, त्यावर आतड्याची भिंत धडधाकट राहते आणि त्याचा रक्तातली साखर ताब्यात ठेवायला हातभार लागतो. हरिहरच्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला. म्हणून त्याची बायको सुखदा रोज भाकरीचा डबा देते. शाबासकी आम्हाला कुणी दिली नाही, पण पोटभर मिळत होते.

मग चाकणच्या कंपनीत हरिहर सुपरवायझर झाला. कँटीनमध्ये साहेबांच्या टेबलावर भाकरी कुस्करायची त्याला लाज वाटू लागली. डबा तो फोर्कलिफ्टवाल्या मन्सूरला देऊ लागला.

"राव, वहिनींच्या हातची भाकरी सोडून नूडल्स खाता?" मन्सूर म्हणायचा.

"तू खा रे भावा. फक्त डबा धुऊन दे."

मन्सूरच्या पोटातल्या माझ्या भाऊबंदांची चंगळ झाली. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटे कशाला बोलू? त्यातच हरिहरला सर्दी झाली. हजेरी बुडू नये म्हणून त्याने घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनानेच घेतल्या. आमची निम्मी आळी गप्प झाली. मी हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही.

परवा डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आलीये. अजून सावरता येईल. जेवता काय?"

"भाकरीच देते मी. डबा रोज रिकामा येतो यांचा," सुखदा म्हणाली. "मग मामंजींसारखं कसं काय होतंय हो?"

"चल, उशीर होतोय," एवढेच म्हणून हरिहर उठला. सगळे ठाऊक असूनही मला वाचा नव्हती.

मित्रांनो, आतड्याच्या भिंतीवर एक चिकट अस्तर असते. ते भिंतीची राखण करते. खायला काही उरले नाही की आम्ही तेच कुरतडतो. हरिहरवर माझा जीव आहे, म्हणून मी आजवर मागे राहिलो. तुमच्याही आत कुणीतरी अंधारात जेवणाची वाट पाहत बसले आहे. त्याला उपाशी ठेवू नका.

आज दुपारी डबा पुन्हा मन्सूरकडे गेला. बाकीचे केव्हाच अस्तरापाशी जमले आहेत. आता मीही निघालो आहे.