अर्ध्या ओबोलचा खण

लेकीच्या, ठमीच्या, तोंडात बोट घालून तिनं गालाच्या आत, जिभेखाली, हिरड्यांच्या कडेनं सगळीकडं फिरवून पाहिलं. बिस्किटाचा लगदा निघाला, बाकी काही नाही. ठमीनं मात्र नव्या दातांनी बोटाचा कडकडून चावा घेतला.

सतरंजीवर बाबांची पेटी उघडी पडली होती. ग्रीकांची अडीच हजार वर्षांपूर्वीची चांदीची नाणी मखमली खणांत बसवलेली. प्रत्येक नाण्याखाली बाबांच्या बारीक अक्षरातली गोल चिठ्ठी. शेवटच्या ओळीतल्या एका खणात नुसतीच चिठ्ठी होती, ‘अर्धा ओबोल’. नाणं नव्हतं. शेजारचा अख्खा ओबोलच शर्टाच्या बटणाएवढा. म्हणजे हा त्याहूनही चिमुकला.

दूध उतू जाईल म्हणून ती उठली होती. दोन मिनिटं, फार तर तीन. बाबांचा डोळा लागलाय तोवर गुपचूप फोटो काढायचे, ते रोज ज्या संकेतस्थळावर जगभरच्या लोकांची नाणी बघत बसतात तिथं टाकायचे आणि चहाच्या वेळी त्यांच्यापुढं पडद्यावर त्यांचीच पेटी उघडायची, असा तिचा बेत. किल्ली तिनं न विचारता घेतली होती.

तिनं सतरंजी झटकली, कोचाखाली टॉर्च मारला, ठमीचा लंगोटसुद्धा सोडून पाहिला. मग सरळ दवाखान्यात जायची पिशवी भरायला घेतली.

खुडबुडीनं बाबा उठून दारात आले. पेटी दिसताच जागच्या जागी थबकले.

“बाबा, रागवायचं ते नंतर रागवा. ठमीनं नाणं गिळलंय. एक्स-रे काढावा लागेल. चपला घाला.”

“कुठलं?”

“अर्धा ओबोल. चिठ्ठी आहे, नाणं नाही.”

बाबा पेटीजवळ आले नाहीत. भिंतीला धरत खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

“ते ठमीनं नाही गं. तू गिळलंस.”

तिच्या हातातला टॉवेल अर्धाच पिशवीत गेला.

“एवढीच होतीस, हिच्याएवढी. मांडीवर घेऊन दाखवत होतो, मोठ्या कौतुकानं. ग्रीक लोक बाजाराला जाताना सुटी नाणी गालात धरायचे. तुला तेवढा धीर कुठला!”

तिला हसावं की रडावं कळेना. ठमीला उचलून तिनं इतकं घट्ट धरलं की ठमीच कुरकुरली.

“मग?”

“मग काय. तिसऱ्या दिवशी निघालं. तीन दिवस तुझ्या आईनं डोळ्याला डोळा लावला नव्हता. नाणं धुऊन माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाली, आता बोला. मी काय बोलणार, कपाळ? ज्याच्याकडून घेतलं त्याला नेऊन परत दिलं. पेटीला कुलूप घातलं. पुन्हा हात लावणार नाही, म्हटलं.”

“आणि मग ते कॉम्प्युटरवर बघणं?”

“फोटो गिळता येत नाही.”

त्या संध्याकाळी तिला लख्ख आठवत होत्या. बाबांच्या खुर्चीच्या हातावर ती बसलेली, आणि तेव्हाच्या मंद इंटरनेटवर, पडद्यावर घुबड कोरलेलं ग्रीक नाणं वरून खाली सावकाश उतरतंय. आधी कपाळ, मग ते वाटोळे डोळे. “आता चोच!” ती ओरडायची, आणि चोच येईस्तोवर आईची भाजी चिरून व्हायची. नाणी ताटलीएवढीच असतात असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढं कॉलेजात गेल्यावर शिंगं फुटली तेव्हा एकदा ती जेवताना म्हणाली होती, “स्वतःची नाणी कुलपात, आणि बघायची लोकांची! घुबडांना जपता तेवढं आम्हाला जपलंत तर बरं होईल.” बाबा हसले होते. आई ताटावरून उठून आत गेली होती. का, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

“मी मोठी झाल्यावर तरी काढायची होतीत, बाबा.”

“शब्द तुला कुठं दिला होता?”

आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

तिनं ठमीला पाळण्यात ठेवलं. परत येऊन पेटीतलं सगळ्यात जाड, घुबडाचं नाणं उचललं आणि बाबांसमोर धरलं. बाबा उठले, पण त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

“तू धर. कडेनं धर, कडेनं. घुबडावर बोट नको.”

ती खिडकीशी गेली. बाबा मागोमाग आले, हात तसेच पाठीशी बांधलेले, आणि नाक नाण्याला टेकेल इतके वाकले. पाळण्यात ठमीची स्वतःशीच बडबड चालली होती. बराच वेळ बघून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

“हाताला किती जड लागतं गं?”

ती उत्तर देणार होती, पण घाईनं काहीतरी सांगून टाकावंसं वाटेना. तिनं नाणं तळहातावर घेतलं आणि डोळे मिटले.