पाच नंबरचा पिवळा

"दादा, पाच नंबर! अगदी बरोब्बर जुळतंय," बाळाचा डायपर बदलता बदलता धाकटी बहीण म्हणाली.

पाळण्याच्या वरच्या भिंतीवर कार्ड चिकटवलेलं होतं. बाळाच्या शीचे सात फोटो. एक ते तीन फिकट, म्हणजे यकृताचा आजार असू शकतो, लगेच दवाखाना गाठा. चार ते सात पिवळे, म्हणजे निर्धास्त राहा. ते फोटो छपाईसाठी तयार केले होते मीच. घरात मला 'रंगारी' म्हणतात, कारण पडद्याच्या रंगावरूनही मी दुकानदाराशी तासभर हुज्जत घालतो.

छापलेलं कार्ड मात्र मी आज पहिल्यांदा पाहत होतो. माझ्या स्क्रीनवर पाच नंबर पिवळाधमक होता. इथे तो मळकट, पांढुरका. आणि डायपरमध्ये होतं ते मळलेल्या कणकेसारखं.



कॅमेऱ्याने ते फोटो मोठ्या रंगपटात, म्हणजे जास्त गडद रंग मावतील अशा मोजमापात टिपले होते आणि छापखाना लहान रंगपट धरून चालतो. फोटो त्या लहान रंगपटात बदलून द्यायचे, नाहीतर फाईलमध्ये रंगपटाची नोंद तरी राहू द्यायची, हे मी झोपेतही सांगेन. पण त्या दिवशी फाईल मेलने जाईना. मी ती वेबसाईटवरच्या फोटोंसाठी असलेल्या पर्यायाने हलकी करून सेव्ह केली, आणि त्यात ही नोंद गळून पडते हे साफ विसरलो. छापताना पिवळे फिके पडले. नमुना प्रतही मागवली नाही. "तुमचं काम आम्ही डोळे झाकून छापतो," असं छापखानेवाले म्हणाले आणि मी शहाणा खूश झालो.

"बाळ किती दिवसांचं झालं?" मी विचारलं.

"पन्नास. का रे?"

ऑपरेशन लागलंच तर दोन महिन्यांच्या आत व्हायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी मला कार्डाचं काम देतानाच बजावलं होतं.

"चप्पल घाल. कार्ड चुकलंय. माझ्यामुळे."

 ती बाळाला छातीशी धरून रिक्षात बसली आणि वाटेत एकदाही तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी डायपर पाहिला, बाळाचं पोट चाचपलं. त्यांचा चेहरा उतरला. "रक्त तपासू. आजच," त्या म्हणाल्या. "हे कार्ड नऊ हजार घरांत गेलंय."

धाकटी बाळाला घेऊन रक्त द्यायला गेली. मी बाहेर बाकावर टेकलो. समोर एक बाई बाळाला लस टोचून घ्यायला आलेली, मांडीवर तान्हं मूल. नवऱ्याला ती आपलं कार्ड दाखवत होती.

"बघा, उगाच घाबरवत होतात मला," ती हसत म्हणाली. "पाच नंबर तर आहे."

मी उठलो. तिच्याकडे गेलो.