आधीचा फोटो

"मावशी, ही पेटी कपाटात कोणी ठेवली?"

सरूबाईचा फडकं पिळणारा हात थांबला. "म्या ठिवली. का वो ताई?"

आसावरी अजून कपाटातच बघत होती. लोखंडी कपाटाचं दार उघडताच आतली ऊब तिच्या तोंडावर आली होती. वरच्या खणात बल्ब जळत होता. पावसाळ्यात लोणावळ्यातल्या प्रत्येक घरात एखाद्या तरी कपाटात असा बल्ब जळत असतो. नाहीतर कपड्यांना, चपलांना, पुस्तकांना बुरशी धरते. एक्स-रे क्लिनिकमधल्या या कपाटात कोरी पाकिटं, प्रिंटरचे कागद आणि पेशंटचे धुतलेले गाऊन असायचे. त्या गाऊनच्या घड्यांमध्ये, उशीवर डोकं टेकावं तशी, ती काळी पेटी टेकून बसली होती. तिच्यावर एक दिवा विझलेला होता आणि एक लाल. आसावरीने वर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"आखाडात भिताडावनं पानी उतरत व्हतं न्हवं," सरूबाई जवळ आली. "टेबल समदं वलं झालतं. म्या म्हनलं, भिजंल बिचारी. हितं कशी उबीला राहील. का, काय बिघाडलं का?"

"काही नाही. तुम्ही आवरा तुमचं."

टेबलावरून निघालेली वायर कपाटाच्या फटीतून आत जाताना आसावरी रोज पाहत होती. डॉक्टरही पाहत होते. ओल होती, पेटी कोरड्या जागी गेली होती. यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. उलट, मावशींना किती समजतं, असंच तिला वाटलं होतं.

तिने बल्ब बंद केला. कपाटात अंधार झाला आणि तो लाल दिवा जास्तच लाल दिसायला लागला.

ती पेटी कॉम्प्युटरला जोडलेली होती आणि तिच्या आतल्या दोन डिस्कवर या क्लिनिकने काढलेले सगळे जुने फोटो होते. अलीकडचे तेवढे कॉम्प्युटरमध्ये राहायचे. मागचे आपोआप पेटीत जायचे. पडलेल्या पर्यटकांची मनगटं, मावळातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे, नोकरीला लागणाऱ्या पोरांच्या छात्या. आणि आसावरीचीही छाती.

गणपतीपासून तिला खोकला होता. आज सकाळी डॉक्टर रुचिर देवस्थळी म्हणाले, "आसावरीताई, उभ्या राहा बरं एकदा. दुसऱ्यांचेच काढत बसता." बटण त्यांनीच दाबलं. फोटो पडद्यावर आला तेव्हा दोघंही त्याच्यासमोर होते, आणि दोघांनाही तो एकाच वेळी दिसला. उजव्या फुफ्फुसात, वरच्या बाजूला, वाटाण्याएवढा गोल ठिपका.

फोटो बघून मत देणं हे तिचं काम नव्हतं. पण इतकी वर्षं छात्यांचे फोटो काढल्यावर डोळे आपसूक जायचे तिथेच जातात.

"जुना डाग असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "तुम्हाला न्यूमोनिया झाला होता ना मागे? बरं झाल्यावर फोटो काढला होता की आपण. तो लावा शेजारी. ठिपका तेव्हाही असला आणि एवढाच असला, तर विसरून जा."

"आणि नसला तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "आधी काढा तर खरं."

त्या फोटोची फिल्म घरी नव्हती. २०१९ साली तिनेच म्हटलं होतं, घरचंच माणूस, फिल्म कशाला वाया घालवायची. पेटीत आहे ना. मग तिने कॉम्प्युटरवर स्वतःचं नाव टाकलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं, आणि पेटी सापडत नसल्याचा निरोप आला. तेव्हा ती वायरचा माग काढत कपाटाशी पोचली होती.

*

निलेश तळेगावहून दुपारी आला. क्लिनिकचे कॉम्प्युटर तोच बघायचा. त्याने पेटीतून दोन्ही डिस्क ओढून काढल्या आणि टेबलावर गार व्हायला ठेवल्या. मग एक जोडून कानाशी धरली, वैद्याने नाडी बघावी तसा डोळे मिटून.

"ऐका ताई."

आतून टक्, टक्, टक् असा आवाज येत होता. पाल चुकचुकावी तसा.

"हिचं काम झालं. परवा-तेरवा गेली असणार. आणि ही दुसरी तर जुलैतच बंद पडलीय. तुम्हाला कळलं नाही? एक डिस्क गेली की पेटी ओरडते. बीप, बीप."

आसावरीने डॉक्टरांकडे पाहिलं. बीप सगळ्यांनीच ऐकली होती. जुलैत लोणावळ्यात वीज सारखी जाते आणि इन्व्हर्टर दिवसभर कुरकुरत असतो. कपाटाच्या दारामागून येणारा तो बारीक आवाज त्यांनी इन्व्हर्टरच्या नावावर टाकला होता. पुढे तो कधी थांबला, हे कुणाला सांगता आलं नसतं.

"पण दोन डिस्क होत्या ना?" ती म्हणाली. "एक गेली तरी दुसरी राहील, म्हणून तर दोन घेतल्या."

"दोन्ही एका दिवशी, एकाच खोक्यातून घेतल्या. जुळ्या बहिणी. वर एकाच भट्टीत भाजल्या. जुळ्यांची दुखणीपण बरोबरच येतात." तो हसला, पण कुणी हसत नाही हे बघून कामाकडे वळला. "कॉपी आहे ना दुसरीकडे?"

"दुसरी डिस्क म्हणजेच कॉपी ना?"

"नाय ओ ताई. तो आरसा. तुम्ही केस कापले की आरशातल्या बाईचेपण कापले जातात. कॉपी म्हणजे दुसऱ्या घरात राहणारी बाई."

निलेशने दोन्ही डिस्क फडक्यात गुंडाळल्या. जुलैत गेलेली कदाचित वाचता येईल, म्हणाला. ती लवकर बंद पडली म्हणून पुढे त्या उबेत फिरत राहून झिजली नाही. पण नक्की काही सांगता येत नाही, वेळ लागेल.

तो गेल्यावर सरूबाई दारात येऊन उभी राहिली. टाकव्याची एसटी चुकेल म्हणून ती रोज चारच्या ठोक्याला निघायची. आज निघाली नव्हती.

"माज्यामुळं झालं व्हय?"

"नाही हो."

"खरं सांगा. मला न्हाई कळत त्यातलं, पर तुमचं त्वांड कळतंय मला."

आसावरीला एकदम वाटलं, हिला सांगून टाकावं. ठिपक्याचं. मग तिला सरूबाईचे ओलीने पांढरे पडलेले हात दिसले. "मावशी, वायर मलाही दिसत होती," ती म्हणाली. "जा तुम्ही. गाडी जाईल."

*

आसावरीचा नवरा केशव देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरला होता. घाबरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. आणि आता घाबरला होता तर ते कसं करतात हे त्याला येत नव्हतं. तो एकच वाक्य धरून बसला.

"मिळेल गं फोटो. एकदा मिळाला की सुटलो."

"मिळाला म्हणजे सुटलो असं नाही. त्यात काय दिसतंय—"

"मिळेल. एकवीरेला नारळ बोललोय मी."

तिने पुढे समजावलं नाही. रात्री तो लवकर झोपल्याचं दाखवायचा आणि ती खोकला दाबायची. उशीत तोंड खुपसून खोकलं की त्याच्या श्वासाची लय क्षणभर तुटायची, म्हणजे तो जागाच असायचा. डॉक्टरांनी पुण्यात सीटी स्कॅन करायला सांगितलं होतंच. तिने पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली आणि घरी सांगितलं नाही. आधीचा फोटो मिळाला तर कदाचित जावंच लागणार नव्हतं.

मधल्या दिवसांत नवी पेटी निवडायचं काम तिने अंगावर घेतलं. हाताला काहीतरी हवं होतं. निलेशला ती दिवसातून दोनदा फोन करायची आणि तो कंटाळायचा नाही.

"दोन डिस्कची परत नको," ती म्हणायची. "चारची घेतली तर?"

"चारच्या पेटीत एक गेली, अगदी दोन गेल्या, तरी माल शाबूत राहतो, तशी लावता येते. पण ताई, पेटीच चोरीला गेली, पेटीवर पाणी पडलं, तर चार काय नि चाळीस काय."

"मग इंटरनेटवर ठेवायचं?"

"तुमच्याकडे लाइट नाही टिकत, नेट काय टिकणार! नवे फोटो जातील हळूहळू वर. जुना ढीग चढवायला दिवाळी उजाडेल. त्यापेक्षा एक साधी बाहेरची डिस्क घ्या, दर शनिवारी कॉपी करा आणि घरी न्या. पर्समध्ये मावते."

"आणि बिघडली की मला कसं कळणार? बीप नको. बीपवर माझा विश्वास नाही."

"मोबाइलवर मेसेज येईल. गरम झाली तरी येईल."

"डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून घ्यायच्या."

"घेऊ."

"आणि जाळीची फळी. उघडी. भिंतीपासून लांब."

"ताई," निलेश म्हणाला, "माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत एवढं विचारणाऱ्या तुम्हीच. बाकीचे रंग विचारतात."

ती विचारत होती कारण प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. अशी उत्तरं असलेले प्रश्न त्या दिवसांत तिच्याकडे फार नव्हते.

तिने सगळं ठरवून डॉक्टरांपुढे ठेवलं आणि भांडायच्या तयारीने उभी राहिली. डॉक्टर देवस्थळी हातमोज्यांच्या खोक्यावरूनही घासाघीस करणारे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी तिने दोन पावसाळे त्यांच्या मागे लागून काढले होते. आता ते म्हणतील, एवढ्याशा क्लिनिकला चार डिस्क कशाला, बाहेरची डिस्क कशाला.

"घ्या," डॉक्टर म्हणाले. कागदाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "तुम्हाला जी योग्य वाटेल ती घ्या, ताई."

त्यांचा आवाज मऊ होता.  ठिपका पाहिला तेव्हाही आसावरी इतकी घाबरली नव्हती.

*

निलेशचा फोन आला तेव्हा ती एका मुलाचा हात एक्स-रेच्या कॅसेटवर सरळ करत होती.

"ताई, वाचतेय! जुलैत गेलेली वाचतेय. हळू आहे, पण वर्षावर्षाची फोल्डर दिसतायत. फक्त एक आहे. ती मधेच कधी मान टाकेल सांगता येत नाही. आधी कुठलं वर्ष काढू?"

चालू वर्षातले टीबीचे पेशंट होते. खाणीत काम केलेल्या माणसांचे दर वर्षीचे फोटो होते. त्यांनाही आधीचा फोटो लागायचा. हे सगळं तिला ठाऊक होतं आणि नंतर आठवलंही.

"दोन हजार एकोणीस," ती म्हणाली. निलेशचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं.

डॉक्टरांनी तिला लगेच जायला सांगितलं. दुपारच्या लोकलला गर्दी नव्हती. खिडकीबाहेर कामशेतपर्यंत भाताची खाचरं पिवळी व्हायला लागली होती. ती मांडीवर पर्स धरून बसली आणि मनातल्या मनात स्वतःचा जुना फोटो रचायचा प्रयत्न करत राहिली. बरगड्या आल्या, हृदयाची सावली आली, गळपट्टीचं हाड आलं. त्या एका जागी मात्र तिला कधी ठिपका दिसायचा, कधी नाही. वडगावपर्यंत तिने तो दिसेल असा आग्रह धरून पाहिला. जुना, कडक, निरुपद्रवी डाग. शरीराने केव्हाच मिटवलेलं भांडण.

निलेशच्या दुकानात टेबलावर डिस्क उघडी पडली होती आणि तिच्यावर छोटा पंखा सोडला होता. "एकोणीस पूर्ण निघालं," तो म्हणाला. "आता वीस चाललंय. तुमचं नाव शोधून ठेवलंय. उघडू?"

"मी उघडते."

फोटो वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरत आला. आधी खांदे. मग गळपट्टीची हाडं. मग फुफ्फुसाचा वरचा भाग, उजवा आणि डावा, काळा आणि स्वच्छ. ती पुढे वाकली. उजेड वाढवला, कमी केला, ती जागा मोठी करून पाहिली. शिरांच्या बारीक फांद्या होत्या, जशा असायला हव्यात तशा. बाकी तिथे काहीच नव्हतं.

"हाच ना?" निलेशने मागून विचारलं.

"हाच."

"भारी! ताई, पेढे पाहिजेत. मला वाटलं नव्हतं निघेल."

"देते," ती म्हणाली. "बाकीची वर्षंही सगळी काढ. थांबू नकोस."

तिने तो फोटो मोबाइलवरून डॉक्टरांना पाठवला आणि दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. समोर भाजीवाली कोथिंबिरीवर पाणी मारत होती. फोन वाजला. डेपोत मोबाइल न्यायला बंदी, म्हणून केशव जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर येऊन फोन करायचा. या दिवसांत तो रोज करत होता.

"मिळाला का?" त्याने नेहमीसारखंच विचारलं.

"हो. मिळाला."

 केशव शेजारच्या सोबत्याला ओरडून म्हणाला, "मिळाला! अरे मारुती, मिळाला! आमच्या हिचा फोटो, सांगत होतो ना, मिळाला!" कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला. कुणीतरी चहा सांग म्हणालं. केशव हसत होता, आणि हसताना त्याचा आवाज चिरकत होता. "मी तुला म्हटलं होतं ना," तो पुन्हा फोनवर आला, "म्हटलं होतं ना, मिळेल म्हणून. आता बघ. आता काही नाही. संध्याकाळी येताना काय आणू? बोल, काय आणू?"

आसावरी फोन कानाशी धरून थांबली. मागून पंख्याची घरघर येत होती. केशव बोलत होता, मध्येच मारुतीला काही सांगत होता, पुन्हा बोलत होता. तिने त्याला सगळं बोलू दिलं. घाई करायचं काही कारण नव्हतं.

त्याचे शब्द संपल्यावर ती म्हणाली, "अहो, ऐका. पुढच्या मंगळवारी रजा टाका. पुण्याला जायचंय. मी एकटी नाही जाणार."