तपकिरी वायर

रणजीतला वाटलं होतं, चार दिवस फणफणेल आणि मग येईल नाक घासत. अहो, पण ती मिनल होती!

चऱ्होलीच्या त्या सोसायटीत इंटरनेट म्हणजे रणजीतच. नेट सारखं बंद पडतं, असं मिनलनं सोसायटीच्या ग्रुपवर सरळ लिहिलं आणि दुसऱ्या कंपनीची लाइन घेतली. राउटर तिनं रणजीतकडूनच रोख विकत घेतलेला. तर या पठ्ठ्यानं आपल्या ऑफिसात बसल्या बसल्या त्याला असं कुलूप घातलं की तो दुसऱ्या कुणाची लाइन ओळखेचना. वर निरोप धाडला, ग्रुपवर माफी मागा, लगेच उघडतो. मजल्यावरची बाकीची घरंही त्याला विटलेली, त्यांचे राउटरही त्याच्याकडचेच, पण सगळे मिनलच्या राउटरच्या डब्याकडे डोळे लावून बसले होते. तिचा उघडला तर आपणही सुटू, नाहीतर आहे तेच बरं.

नवा राउटर आणू, असं तिच्या नवऱ्यानं, बुद्धरत्ननं, सुचवून पाहिलं. ती अशी उखडली की बिचाऱ्याचा घास हातातच राहिला. आपलीच वस्तू दुसऱ्यांदा विकत घ्यायची? का म्हणून?

लग्नाआधी ती भोसरीत सर्किट तपासायच्या कामाला होती. राउटरच्या पोटातल्या आठ पायांच्या चिपमध्ये त्याचा सगळा प्रोग्रॅम असतो. तो पुसून मोकळा प्रोग्रॅम भरला की कुलूप गेलं, एवढं तिला ठाऊक होतं. चिपचे पाय धरायला तिनं दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घेतला आणि त्याच्या जबड्यांत दोन्हीकडून चार-चार स्प्रिंगच्या पिना चिकटवल्या. बुद्धरत्न चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत. त्यानं पिनांना रंगीत वायरी सोल्डर करून दिल्या आणि शिफ्टला गेला. वायरींची दुसरी टोकं तिनं लॅपटॉपला जोडलेल्या छोट्या बोर्डात खोचली.

चिमटा लावला. लॅपटॉप म्हणाला, चिप सापडत नाही. पिना घासल्या, चिमटा उलटा-सुलटा करून झाला, रणजीतच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला, तरी नाही म्हणजे नाही. संताप संताप झाला तिचा.

बुद्धरत्न कामावरून आला आणि बोर्डाकडे बघून म्हणाला, "काळी वायर अर्थिंगला का लावलीस? आमच्याकडे अर्थिंगची तपकिरीच असते."

"आमच्याकडे म्हणजे? हे घर आहे, तुमची कंपनी नाही."

दातओठ खात तिनं वायरी बदलल्या. चिप सापडली! प्रोग्रॅम भरला, राउटर जोडला आणि नव्या कंपनीचं नेट धावायला लागलं. तिनं फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगोलग रणजीतचं उत्तर आलं, बुद्धरत्नभाऊंनी सकाळीच माफी मागितली, म्हणून मीच उघडून दिला. खाली बुद्धरत्नचा मेसेज जोडलेला होता: आमच्याकडून चूक झाली, राग मानू नका. त्यावर शेजाऱ्यांनी धडाधड हात जोडले, रणजीतला!

मिनलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आमच्याकडून म्हणजे कुणाकडून?"

एकदाचं मिटावं म्हणून केलं, असं तो चाचरत म्हणाला. दिवसभर राउटर पोट फाडून टेबलावर पडलेला, त्याला ना वीज ना लाइन. रणजीत काय कपाळ उघडणार होता? पण हे लोकांना कोण पटवणार?

तिनं लॅपटॉप आणि चिमटा उचलला आणि जिन्यापाशी बाहेर बसकण मारली. ज्याला आपला डबा सोडवायचाय त्यानं घेऊन यावा, डोळ्यांदेखत उघडते, असं तिनं दारोदार ऐकू जाईल असं सांगितलं. दारं किलकिली झाली. बाहेर कुणी येईना.

शेवटी कोपऱ्यातल्या घरातून आक्काबाई आल्या, पदरात राउटर धरून. रणजीतची सख्खी चुलती.

"माझा बी उघड गं. पुतण्या त्यो हाय, पर डबा माझा हाय."

मिनलनं राउटर उघडला आणि चिमटा बुद्धरत्नच्या हातात दिला. "लाव. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, अर्थिंगची वायर कुठली?"

"तपकिरी."

"कुणाकडे?"

त्यानं खाली मान घातली, चिमटा चिपवर दाबून धरला. "आपल्याकडे," तो म्हणाला.

तिचा राग काही उतरला नव्हता. पण चिप सापडली होती, आणि किलकिल्या दारांतून एकेक जण आपला डबा घेऊन बाहेर येत होता.